पाठीमागचे बैल

"साळुंकी बसलीय, साहेब," एवढंच अकबर मुलाणी फोनवर म्हणाला.

डॉक्टर संपत जगदाळ्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. दुसऱ्या कुणाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला असता. गाय बसते, म्हैस बसते, निवांत रवंथ करते आणि उठते. घोड्याचं तसं नाही. घोडं लोळलं, आडवं झालं, तरी घटकाभरात अंग झाडून उभं राहतं. ते उठायचं थांबलं की त्याचं स्वतःचंच वजन त्याचं वैरी होतं. कातडी सोलते, पोट फुगतं, श्वास जड होतो. त्यांची उमेदीची सारी वर्षं फौजेतल्या घोड्याखेचरांची डॉक्टरकी करण्यात गेली होती, त्यामुळे त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. बॅग उचलली आणि दौंडातून गाडी काढली.

भाद्रपदाचे दिवस. भीमा दोन्ही थड्या भरून चाललेली. दुतर्फा ऊस पुरुषभर वाढलेला, आणि इकडं पोळा भादव्यातच, म्हणून वाटेत जिथं तिथं झुली, घुंगरं, रंगाचे डबे मांडून दुकानदार बसलेले. डॉक्टरांचं तिकडं लक्ष नव्हतं. डावी मांडी ठणकत होती. हवेत ओल असली की ती ठणकायचीच.

वडगाव रासाईच्या शिवारात, नदीच्या अंगाला अकबरचं घर. फौजेतून परत आल्यावर त्यानं दोन गोष्टी केल्या होत्या: पोराचं शिक्षण आणि एक घोडी. घोडी तपकिरी, डोकं आणि मान काळपट, म्हणून साळुंकी. शिरूरकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाडा सुटतो तेव्हा गाड्याच्या पुढं घोडी धावते, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घोडी पुढं, बैल मागं. ती जितका जीव टाकून पळेल तितके बैल तिच्या ओढीनं उधळत येतात. बैल बाळासो शेलाराचे, पाखऱ्या आणि गुलब्या, घोडी अकबरची. घाटात निवेदक माइकवर दोघांचंही नाव घ्यायचा, आणि फेटाही दोघांना बांधला जायचा.

साळुंकी गोठ्यामागच्या चिखलात पडलेली होती. सकाळी फिरवून आणताना पाटाच्या चारीच्या कडेला तिचा मागचा पाय घसरला आणि ती कमरेवर आपटली होती. पुढचे पाय रोवून ती उठू पाहत होती. मागचा भाग मात्र पोत्यासारखा जमिनीला चिकटलेला.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. मान, पाठ, पुठ्ठा, सगळीकडून हात फिरवला. मग बाही वर सारून, हाताला तेल लावून आतून कमरेची हाडं चाचपली. बराच वेळ लागला. अकबर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याची बायको लालबी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"हाड मोडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "मार जबर आहे. नस दबलीय, पण मेलेली नाही. चिमटा काढला की कातडी थरथरते."

"मंजी उठंल?"

"उठवावी लागंल. आपण धरायची, आन् तिनं ठरवायचं."

अकबरचा मुलगा अनिस कारेगावात राहायचा, कंपनीत क्रेनवर होता. तो दुपारपर्यंत रुंद कापडी पट्टे घेऊन आला. कांद्याच्या चाळीला लोखंडी तुळई होती. तिला विहिरीतली मोटर वर काढायची चेनकुप्पी अडकवली. पट्ट्यांखाली लालबीनं आपल्या दोन गोधड्या घातल्या, कातडीला काच नको म्हणून. बाळासो, अनिस, शेजारचे चार गडी अशा सगळ्यांनी मिळून साळुंकीला उचलून तिथं आणली आणि साखळी ओढत ओढत वर घेतली. घोडी झोळीतल्या पोरासारखी लोंबकळू लागली.

"चाची, पाळणा म्हना आता," बाळासो म्हणाला.

"तू व्हतास तसला रडका, तवा म्हनला आसता," लालबी म्हणाली. "ही गुनाची हाय."

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, शेक कसा द्यायचा ते दाखवलं आणि निघताना बजावलं, "हिला अगदी शांत ठेवा. गडबड नको, गोंगाट नको. घाबरली आन् पाय झाडले तर उरलेली नसही जाईल."

हा शब्द घरानं असा पाळला की बघत राहावं. बाळासोनं पाखऱ्या-गुलब्याला शेजारच्या गोठ्यातून सोडून पार वरच्या मळ्यात नेऊन बांधलं. पोळ्यासाठी हलगीची तालीम करणाऱ्या पोरांना लालबीनं वाटेतूनच परत फिरवलं. टीव्ही बंद झाला. मिक्सरचा आवाज नको म्हणून चटणी शेजारणीकडं वाटून यायची. माणसं चाळीजवळून चपला हातात घेऊन जायची. अनिस फोनवर बोलायला उसात शिरायचा. एरवी गजबजलेलं घर नमाजाच्या वेळेसारखं दिवसभर निःशब्द.

डॉक्टर रोज यायचे. अंग चोळायचे, पट्टे सरकवायचे, पाय हातात घेऊन दुमडायचे, सरळ करायचे. नस जागी होत होती, त्यांच्या बोटांना ते कळत होतं. पण घोडी पाय टेकवत नव्हती. खूर जमिनीला लागलेले असायचे आणि वजन सगळं साखळीवर. साखळी सतारीच्या तारेसारखी ताठ. ओंजळीतून पाणी प्यायची, दोन काड्या चघळायची आणि मान खाली सोडून द्यायची. डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हती.

असं लटकतं जनावर फार दिवस तग धरत नाही. पट्ट्याखालची कातडी ओली होऊ लागली होती. छातीवरचा दाब वाढत होता. पोळा दोन दिवसांवर आला त्या सकाळी डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि ती काढून नुसतीच गळ्यात ठेवली.

अकबरनं ते पाहिलं. डॉक्टरांना बाजूला घेऊन तो म्हणाला, "साहेब, मोकळं करा हिला."

"अजून वेळ आहे."

"किती हाय ते मला बी दिसतंय. तुम्ही माझ्यासाठी तिला धरून ठेवलीय. मला ते नगं. लई पळाली ती. आता आशी टांगून बघवत न्हाई."

डॉक्टर त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. कारण नेमकं हेच वाक्य, बाजू उलट असताना, त्यांनी एकदा या माणसाला ऐकवलं होतं.

कारगिलची लढाई पेटली त्या उन्हाळ्यात जगदाळे मेजर होते. खालच्या नाल्यात, खडकाच्या आडोशाला त्यांचा जनावरांचा दवाखाना. जिथं गाडी जात नाही, माणूस रिकाम्या हातानं धापा टाकत चढतो, तिथं खेचरं तोफगोळे, पाणी, रोट्या घेऊन जायची. येताना पाठीवर जखमी जवान. त्या वाटेवर गोळे पडत. खेचरं ओळीनं खाली यायची, आणि त्यांच्या अंगातून लोखंडाचे तुकडे काढता काढता डॉक्टरांचे हात कोपरापर्यंत रंगायचे. जे उभं राहील ते वाचेल, जे बसेल त्याला गोळी. दुखण्यातून मोकळं करायचा तोच एक मार्ग हाताशी होता, आणि तो हात डॉक्टरांचाच असायचा.

तिथंच अकबर भेटला. खेचरं हाकणारा जवान. त्याच्या तोंडची बोली ऐकून डॉक्टरांनी गाव विचारलं, तर एकाच नदीच्या काठचे दोघं निघाले.

"वडगाव रासाई म्हंजी वरल्या अंगाला, साहेब," अकबर म्हणाला होता. "आमच्या म्हशी डुंबल्या की मग त्येच पानी दौंडला तुमाला प्यायला."

त्या थंडीत, त्या वासात, डॉक्टर कितीतरी दिवसांनी हसले होते.

फौजेत खेचराला नंबर असतो, नाव नसतं. अकबरनं आपल्या मादीला चोरून नाव दिलं होतं, शेवंती. ओझं लादताना तो तिच्या कानाशी गुणगुणायचा. आईकडून जात्यावरची चाल घेतलेली, शब्द त्याचे स्वतःचे:

उन्हाची गं झळ, बाई, न्हाई तुला छाया
पाठीच्या वझ्यानं किती झिजली गं काया
खांद्याला खांदा दे, शेवंते माझे बाई
वरल्या वाटंला कुनी तुझ्यावानी न्हाई

एका पहाटे शेवंती कमरेत तुकडा लागून आली आणि नाल्यात बसली. डॉक्टर म्हणाले, "अकबर, मोकळं करू हिला. माझ्याच्यानं बघवत नाही." अकबर आडवा पडला. अक्षरशः खेचर आणि पिस्तूल यांच्या मधे. "आजच्या दिवस राहू द्या, साहेब. आजच्या दिवस." मग दोघांनी मिळून आकाशातून सामान टाकतात त्या छत्रीचं कापड आणलं, नाल्यावर एक लोखंडी पूल होता त्याच्या तुळईला बांधलं आणि शेवंतीला त्यात घेतली. तीही अशीच लोंबकळली होती. असेच डोळे. आजचा उद्या झाला, उद्याचा परवा. डॉक्टर रोज मनाशी नाही म्हणायचे आणि अकबरकडं बघून आणखी एक दिवस द्यायचे.

पण शेवंती उभी राहिली. पुढं महिनाभरानं ओझंही वाहू लागली. लढाई उतरणीला लागली तेव्हा जखमी जनावरांकडं वर गेलेल्या डॉक्टरांच्या मांडीत तुकडा घुसला. त्या दिवशी त्यांना पाठीवर बांधून दरीच्या कडेनं खाली आणणारी शेवंतीच होती. पुढं दोरी धरून अकबर, आणि वर अर्धवट शुद्धीत ते. तिच्या मानेचा घामट वास आणि पाऊल टाकण्याआधी दगड चाचपून बघायची तिची सवय, एवढंच त्यांना आठवत होतं. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांनी तिचा शोध घेतला. ती तुकडी दुसरीकडं हलली होती. शेवंतीच्या पाठीवरून एकदा हात फिरवायचा राहून गेला तो गेलाच.

नंतर घरी दोन लेकी वाढल्या, लग्नं झाली, नातू मांडीवर खेळला. दर वेळी, अगदी नातवाच्या बारशातही, मनात तोच विचार यायचा की हे सगळं अकबरच्या त्या आडवं पडण्यातून आलेलं आहे.

"काय बघताय, साहेब?" अकबर विचारत होता.

"शेवंतीला आठवतोय. ती उभी कशी राहिली रे? औषधानं नाही. औषधं तर सगळी देऊन झाली होती."

अकबरला हसू आलं, या परिस्थितीतही. "वरच्या रस्त्यावर गोळं पडाय लागलं, तवा त्या दिशी तांडा पुलाखालनं न्हेला. तिची जोडीदारीन पुढं गेली, हिची जागा रिकामी दिसली. हिनं मान वर केली आन् घातलं की पाय खाली. लाईन सोडून ऱ्हायची न्हाई ती."

डॉक्टर चाळीतून बाहेर आले. शेजारचा बैलांचा गोठा रिकामा होता. गव्हाण कोरडी. वाटेवर माणूस नाही, घरातून भांड्याचा आवाज नाही. बरं व्हायला आलेल्या जनावराला कुणी मसणात ठेवावं तशी साळुंकीला त्यांनी एकटी ठेवली होती. आणि तसं करायला सांगितलं होतं खुद्द डॉक्टरांनीच.

"बाळासो कुठाय? बैल आणायला सांग."

बाळासो आला, पण बैलांविना. "डॉक्टरसाहेब, पोळा तोंडावर आलाय. ही अशी टांगल्याली. बैल बिथरलं तर? पाखऱ्या तर सावलीला बी शिंग मारतो."

"बिथरू देत. तिला कळू दे कुणीतरी आहे."

"गेल्या साली घाटात ह्याच घोडीनं तुझी मिशी वर चढवली," लालबी आतून म्हणाली. "आता तिच्यासाठी दोन बैल वरनं खाली आनाय तुला जड जातंय व्हय रं?"

बाळासोनं वरच्या मळ्यातून बैल आणले. पाखऱ्या, गुलब्या. शिंगं घासलेली, कातडी आरशासारखी. दोघांना त्यानं साळुंकीच्या पुढ्यात आणून उभं केलं. साळुंकीचा एक कान हलला. बैलांनी तिला हुंगलं, फुरफुरले. तिनं डोळे मिटले. साखळी तशीच ताठ.

बराच वेळ गेला. बाळासो डॉक्टरांकडं बघेना, अकबर कुणाकडंच बघेना. डॉक्टरांना वाटलं, आपण आता नुसती आशा वाढतोय, रिकाम्या ताटात.

लालबी पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं घोडीकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं आणि नवऱ्यावर घसरली.

"काय वं, जलमभर जिच्या पाठीमागं बैल धावलं, तिच्या तोंडापुढं कशाला मिरवताय त्येंना? तिनं कवा बघितलंय बैलाचं तोंड? तिला नुसतं ऐकू येतं."

अकबर तिच्याकडं बघतच राहिला. मग झटक्यात वळला. "बाळासो, पाठीमागं घे. जू घाल त्यांच्या मानंवर. घुंगरं बी बांध."

चाळीमागं मोकळं रान होतं. बाळासोनं बैल जुंपले, लांब नेले आणि फिरवले. डॉक्टर साळुंकीच्या खांद्याशी उभे राहिले. अनिस साखळीपाशी. अकबर नेहमी घाटात उभा राहायचा तसा तिच्या पुढं, जरा डावीकडं. आता घरात गप्प बसायचं कुणाला कारण उरलं नव्हतं, म्हणून लालबीनं हलगीवाल्या पोरांना हाक मारली.

पाठीमागून आधी घुंगरं आली. मग जुवाची करकर, मग मातीवर आठ खुरांचा तो धमधमता आवाज आणि त्यावर बाळासोची आरोळी, घाटात तळापासून माथ्यापर्यंत जाणारी, "हुर्र, हुर्र, हुर्र."

साळुंकीचे दोन्ही कान मागे फिरले. मान वर आली. नाकपुड्या फुलल्या. डॉक्टरांच्या तळहाताखाली खांद्याचा स्नायू एकदम दगडासारखा कठीण झाला, आणि मग ती लाट पाठीवरून मागे, कमरेपर्यंत गेली. मागचा उजवा खूर जमिनीवर घासला, निसटला, पुन्हा घासला. डावा टेकला. माती उकरली गेली. तिचं सारं अंग थरथरत होतं.

"साखळी बघा," अनिस हळूच म्हणाला.

साखळीला झोल पडला होता. आधी बोटभर, मग वीतभर. वर तुळई होती, खाली घोडी होती, आणि मधली कडी नुसतीच लोंबत होती.

बैल चाळीच्या पलीकडून धडधडत निघून गेले. आवाज गेला तरी साळुंकी उभी होती. मग तिनं पाय थोडे फाकवले आणि उभ्यानं धो धो मुतली. डॉक्टर इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. उभ्या उभ्या मुतणारी घोडी म्हणजे कमरेची नस जागी झाल्याची खूण, यापेक्षा गोड गोष्ट घोड्यांच्या डॉक्टरला दुसरी नसते, हे त्यांनी हसता हसता बाळासोला समजावून सांगितलं. बाळासोला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

अकबर तिच्या गळ्याला कपाळ टेकवून उभा होता. तिकडं तोंड करूनच तो म्हणाला, "मी तर तिला सोडायला निघालो व्हतो, साहेब."

"मी पण निघालो होतो तेव्हा. तुझ्या शेवंतीला."

"मंजी फिटलं म्हनायचं आपलं?"

"नको फिटायला," डॉक्टर म्हणाले. "असं काही डोक्यावर असलेलं बरं असतं. माणूस वाकून चालतो."

"तुमची मांडी दुखती म्हनून वाकून चालता तुम्ही," लालबी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर दिवसातून तीनचारदा बैल तिच्या मागून धावले. दर वेळी साखळी जास्त वेळ सैल राहायची. पोळ्याच्या सकाळी पट्टे काढले. सगळे पडायच्या तयारीनं चारी बाजूंनी हात पसरून उभे होते. कुणाचा हात लागला नाही. साळुंकी एक पाऊल चालली, थांबली आणि दुसरं टाकलं. ती पुन्हा घाटात धावेल का, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

पोळ्याला बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून मळायची रीत. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं त्याला माणसानं हात लावायचा. बाळासोनं पाखऱ्याचा खांदा मळला, गुलब्याचा मळला आणि वाटीत उरलेलं लोणी घेऊन चाळीकडं आला.

"घोडीला लावत न्हाईत," तो म्हणाला, "पण आमच्या बैलांच्या पुढं पळती ती. लावू का, चाचा?"

"साहेबांना लावू दे," अकबर म्हणाला.

डॉक्टरांनी वाटी घेतली. बोटं बुडवली. तिच्या खांद्यावर, पट्ट्यानं केस झडले होते त्याच्या वरच्या बाजूला, हळूहळू चोळू लागले. कातडी गरम होती. बाहेर हलगी वाजत होती, मिरवणूक निघाली होती, बाळासो बैलांना हाका मारत होता. अकबर दोरी हातात धरून काहीतरी जुन्या चालीत गुणगुणत होता. शब्द कळत नव्हते. डॉक्टर थांबले, तसं साळुंकीनं मान वळवली आणि अंग त्यांच्याकडं कलतं केलं. ती स्वतःच्या चारी पायांवर नीट उभी होती. तरी थोडंसं वजन तिनं त्यांच्यावर टाकलं, आणि ते दुखरी मांडी सावरत, खांदा लावून तसेच उभे राहिले.